आईची चुकांची वही

सोमवार, ४ मार्च

नर्सच्या मुलांनो, नर्सच्या मुलींनो!

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्या आयांचा हात आधी परक्यांच्या कपाळावर गेला, मग आपल्या. आपल्याला गोवर निघाला तेव्हा उशाशी शेजारीण बसली होती. शाळेच्या संमेलनात आपल्या आईची खुर्ची रिकामी होती. त्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या अंगाला फिनेलचा वास होता आणि पायांवर सूज. आणि ज्या रुग्णालयासाठी त्यांनी हे सगळं केलं, त्या रुग्णालयानं त्यांना निरोपाला काय दिलं? भिंतीवरचं एक घड्याळ!

भाषणाची सुरुवात अशी करायची. 'घड्याळ' या शब्दावर थांबायचं.

आई जाऊन आज तेरा दिवस झाले. तिच्या रुग्णालयानं तेवीस तारखेला नर्सिंग शाळेच्या सभागृहात आठवणींची सभा ठेवली आहे आणि कुटुंबातर्फे मी बोलावं असं कळवलं आहे. छत्तीस वर्षं तिनं तिथं नोकरी केली. सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. मी कॉलेजात शिकवलं आणि तीस वर्षं मोर्चांत, संपांत, सभांमध्ये बोलत आले. माईक दिसला की माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो, असं धाकटा म्हणतो.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. लग्न केलं नाही. आई त्याच्याकडेच होती. शेवटचे आठ महिने तो दुकान आणि आई दोन्ही सांभाळत होता. रविवारी त्याला मोकळीक मिळावी म्हणून दहा ते सहा मी जात असे.

आज फोनवर त्यानं मध्येच विचारलं, "ताई, त्या शेवटच्या रविवारी काही विशेष झालं होतं का?"

"नाही रे. सगळं ठीक होतं."

"बरं," म्हणाला.

हे तो दुसऱ्यांदा विचारतोय. माणसं अशा वेळी तेच तेच उगाळत बसतात.

गुरुवार, ७ मार्च

फोटो आणायला धाकट्याकडे गेले होते. आईची खाट अजून तशीच आहे. पायथ्याशी दोरीला अडकवलेलं पॅडसुद्धा. नाडी, रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा, सगळं धाकट्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. रविवारचे रकाने माझे, म्हणजे कोंबडीच्या पायांचे.

आमच्या घरात 'ओव्हर' हा शब्द क्रिकेटच्या आधी आला. ड्यूटी संपवणारी नर्स पुढच्या नर्सला वॉर्ड सोपवते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. आई आमच्याकडूनही ओव्हर घ्यायची. ती कामावरून आली की मी, वय वर्षं नऊ, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सांगायचे: धाकट्यानं दूध अर्धं प्यायलं, गुडघा खरचटला, गृहपाठ राहिला. नियम एकच. 'ठीक आहे' म्हणायचं नाही. "ठीक आहे हा रिपोर्ट नाही," ती म्हणायची. "तो सांगणाऱ्याचा कंटाळा आहे. काय झालं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं, तेवढं सांग आणि मोकळी हो."

म्हातारपणी ती स्वतः पेशंट झाली, तरी हा नियम सुटला नाही. मी आणि धाकटा तिच्या पायथ्याशी उभे राहून एकमेकांना ओव्हर द्यायचो आणि ती चष्म्यावरून बघत परीक्षा घ्यायची.

अठरा फेब्रुवारीच्या रकान्यात माझ्या हातचा एकच शब्द आहे. 'ठीक.'

आता लिहायला बसलेच आहे, तर तेही लिहून टाकते. त्या रविवारी चारच्या सुमाराला आई स्वेटर काढायला उठली आणि कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा तिच्या डोक्याला लागला. कानाच्या वर, डावीकडे. रक्त नाही, टेंगूळ नाही. ती हसली. "कोणत्या शहाणीनं दार उघडं ठेवलं? मीच की!" मी ओला रुमाल लावला. ती म्हणाली, "धाकट्याला ओव्हर देताना सांग हं." मग माझा फोन वाजला. सफाई कामगारांची सभा साडेसहाला होती आणि गाडी खाली येऊन थांबली होती. धाकटा आला तेव्हा मी दारात चपला घालत होते. "सगळं ठीक," म्हटलं आणि निघाले.

मंगळवारी सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव लिहिला. एक्याऐंशी वर्षांच्या रक्तवाहिन्या जुन्या रबरासारख्या असतात, हे तेच डॉक्टर म्हणाले. दाराचा कोपरा कोणालाही लागतो. माझं स्वतःचं डोकं वर्षातून चार वेळा आपटतं.

लिहिलं. संपलं.

सोमवार, ११ मार्च

घड्याळबाईंकडे जाऊन आले. या आईच्या जुन्या सहकारी. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी नर्सचं उलटं घड्याळ अजून छातीशी टाचलेलं असतं, म्हणून हे नाव.

"तुझी आई मला काय म्हणायची ठाऊक आहे? म्हणायची, तुझं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे आणि तू चार!" त्या इतक्या हसल्या की खोकला आला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वहीबद्दल बोलणार ना सभेत?"

वहीबद्दल मी ऐकून होते, सगळी हकीकत आज कळली. नोकरीच्या चौथ्या वर्षी आईनं नऊ नंबरच्या खाटेचं इंजेक्शन सहा नंबरला दिलं. पेशंटला काही झालं नाही. कोणी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती एक लांबोळकं रजिस्टर घेऊन आली. पहिल्या पानावर लिहिलं, 'माझी चूक', आणि दुपारी दोनच्या ओव्हरला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

"आम्हाला घाम फुटला," घड्याळबाई म्हणाल्या. "म्हटलं, हिची नोकरी गेली. पण आठवड्याभरानं मीसुद्धा लिहिलं. सलाईन संपलेलं मला दिसलं नव्हतं. मग हळूहळू सगळ्या लिहायला लागल्या."

वहीचे कायदे आईनेच घातले होते. फक्त स्वतःची चूक लिहायची, दुसऱ्याची नाही. लिहिलेलं ओव्हरला मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी 'अगं बाई' म्हणायचं नाही, 'असं कसं केलंस' म्हणायचं नाही, 'जाऊ दे गं' तर मुळीच म्हणायचं नाही. फक्त 'कळलं' म्हणायचं. आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी त्या गोष्टीवर लक्ष ठेवायचं.

तीस वर्षं ही वही चालली. मग नवे कारभारी आले, त्यांचा वकील आला. कागदावर लिहिलेली चूक म्हणजे कोर्टातला पुरावा, म्हणाला. पानं फाडून टाका. आई म्हणाली, वही हवी तर न्या, पान मी फाडणार नाही. शिक्षा म्हणून शेवटची दोन वर्षं तिला वॉर्डातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. आणि हे आम्हाला घरी कधी सांगितलं नाही! म्हणे, "आता पायांना आराम आहे."

मी तिथंच पिशवीतून कागद काढला आणि वाक्य लिहिलं: 'चुकणारा हात माफ करता येतो, चूक लपवणारी जीभ माफ करता येत नाही!' घड्याळबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

निघताना त्यांनी विचारलं, "रक्तस्राव म्हणे डोक्यात. पडली होती का गं कुठं? रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना तिला?"

"नाही, पडली नव्हती."

हे खरंच आहे. पडली नव्हती.

मंगळवार, १२ मार्च

आज एकही वाक्य सुचलं नाही. न्हाणीघराचा नळ दुरुस्त करून घेतला.

गुरुवार, १४ मार्च

रुग्णालयात मेट्रनला भेटले. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण समोरचं माणूस भांडण घेईना. चाळिशीतली बाई आहे, आईच्या हाताखाली शिकलेली. टेबलावर डबा उघडा, मांडीवर ड्यूटीचा तक्ता, एका कानाशी फोन.

"बसा ताई. तुम्ही सभेत आमची सालटी काढणार असं कानावर आलंय."

"काढू नयेत का?"

"काढा की. कारभारी पहिल्या रांगेत असतील, त्यांची काढा. त्यांना मीटिंगला उशीर होईल, ते उठून जातील आणि मग माझ्या मुलींना कळेल की बोलून काही होत नसतं."

मग तिनं कपाटाचं खालचं दार उघडलं आणि जुन्या चादरींखालून रजिस्टर काढलं. तेच. सगळ्या पानांसकट. कारभारी बदलले, वकील बदलला, कपाट तेच राहिलं, म्हणाली.

मी पानं उलटत होते. 'माझी चूक: आजोबांना ऐकू कमी येतं हे माहीत असून घाईत सूचना दिल्या.' 'माझी चूक: ताप मोजला नाही, अंदाजानं लिहिला.' कुठंही नाव नाही. पण आईचं अक्षर मला ओळखू येत होतं.

"पुन्हा सुरू का करत नाही?"

"दोनदा प्रयत्न केला. टेबलावर कोरी वही ठेवली. महिनाभर कोरीच राहिली." तिनं डब्याचं झाकण लावलं. "ही गोष्ट हुकूम काढून होत नाही, ताई. कोणीतरी आधी स्वतःची लिहावी लागते. खरी. टोचणारी. मोठ्या सिस्टरनी लिहिली म्हणून बाकीच्यांनी लिहिली."

"मग तुम्ही लिहा."

ती ओशाळली. "माझी लिहायची म्हणजे... आहे एक. बघू." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही लिहाल का? सभेत? त्यांची मुलगी म्हणून?"

"मी कुठं नर्स आहे?" म्हटलं.

घरी येऊन जिभेचं ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. आवाज नेहमीसारखा लागला नाही. घसा खराब असावा. चहा तसाच राहिला.

रविवार, १७ मार्च

सवयीनं दहा वाजता धाकट्याकडे जाऊन पोचले. काम काहीच नव्हतं. तो लेन्स घासत बसला होता, मी आईच्या साड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसले.

कपाटाच्या दाराच्या कोपऱ्यावर मखमलीची पट्टी चिकटवलेली दिसली. चष्म्याच्या डबीत असते तशी निळी मखमल. दोन थर देऊन, कडेला नीट दाबून.

"हे कधी लावलंस?"

"आई गेल्यावर दोन दिवसांनी."

"आता कशाला?"

"असंच," म्हणाला आणि लेन्स उजेडात धरून बघत राहिला.

दुःखात माणूस काहीही करत बसतो. बिचारा.

त्याला भाषण वाचून दाखवलं. अकरा पानं. रिकामी खुर्ची, फिनेल, वही, वकील, ड्रेसिंगची खोली. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं आहे," म्हणाला. "जिभेचं ते वाक्य तर फारच."

मला त्याचा सूर आवडला नाही. विचारलं तर म्हणाला, "नाही गं, खरंच चांगलं आहे."

बुधवार, २० मार्च

आज लिहिणं जड जातंय. क्रमानं लिहिते.

मेट्रनला आईचं नोंदणीचं प्रमाणपत्र सभेत मांडायचं होतं, ते आणायला गेले. धाकटा दुकानात होता, माझ्याकडची किल्ली लावून आत शिरले. प्रमाणपत्र उशाशी असलेल्या खणात मिळालं. त्याच्याखाली खिशात मावेल अशी एक वही होती. निवृत्तीनंतरही आईनं सवय सोडली नव्हती. घरच्या चुका. 'दुधाचं भांडं गॅसवर विसरले.' 'धाकट्याला त्याच्या केसांवरून बोलले, नको होतं बोलायला.' 'ताईचं भाषण ऐकताना डुलकी लागली. तिला सांगितलं की डोळे मिटून ऐकत होते. ही दुसरी चूक.'

मी मोठ्यानं हसले. रिकाम्या घरात.

शेवटच्या लिहिलेल्या पानात खूण होती. चष्मा पुसायचं पिवळं फडकं, धाकट्याच्या दुकानाचं.

'रविवार. माझी चूक: कपाटाचं दार उघडं ठेवलं. कोपरा लागला, डावीकडे, कानाच्या वर. दुपारी चार. गोळी चालू. ओव्हरमध्ये सांग असं ताईला म्हटलं. ती घाईत होती, विसरली. मी बोलायला हवं होतं. पण मी सांगितलं तर तो तिला कायम बोल लावेल. ती स्वतः फोन करून सांगेल.'

खाली, थोड्या वाकड्या अक्षरात:

'सोमवार. डोकं जड. फोन नाही. वाट बघते.'

एवढंच. पुढची पानं कोरी आहेत.

सोमवारी मी काय करत होते? सफाई कामगारांच्या सभेच्या बातम्या कापून फायलीत लावत होते. फोन हाताशी होता.

आणि फडकं. म्हणजे धाकट्यानं वाचलंय. मखमल लावली त्याच्या आधीच वाचलंय. दोनदा विचारलं त्यानं मला. दोनदा! आणि मी त्याला बिचारा म्हटलं.

संध्याकाळी ठरवलं की सभेत सांगायचं. सगळ्यांसमोर. अकरा पानं बाजूला ठेवून नवा मसुदा केला. लिहिता लिहिता हात सुटला, मन हलकं वाटायला लागलं. 'वाट बघते' यानंतर किती वेळ थांबायचं ते समासात लिहून ठेवलं: पाच सेकंद.

ते समासातले पाच सेकंद वाचले आणि स्वतःची किळस आली.

गुरुवार, २१ मार्च

दुपारी दुकान बंद व्हायच्या वेळी गेले. धाकटा शटर ओढत होता. दोघं घरी चालत आलो. जिन्यात मी सुरुवात केली.

"मी परवा सभेत एक गोष्ट सांगणार आहे. त्या रविवारची. तू वही वाचली आहेस, मला कळलंय."

तो पायरीवर थांबला. "सभेत?"

"सगळ्यांसमोर. काहीही झाकून न ठेवता."

"आधी सभेत नको, ताई."

"का? मी लपवावं असं..."

"तिथं तुला टाळ्या पडतील," तो म्हणाला.

मी त्याच्यामागून उरलेल्या पायऱ्या चढले. 

घरात आल्यावर त्यानं हातपाय धुतले, आईच्या खाटेजवळ गेला, दोरीचं पॅड काढून हातात घेतलं आणि पायथ्याशी उभा राहिला. खिशाचं पेन काढलं.

"दे ओव्हर," म्हणाला.

मी समोर उभी राहिले. चादर ताणून बसवलेली होती, उशी मधोमध. सांगायला लागले तर आवाज व्यासपीठावरचा निघाला. थांबले. पुन्हा सांगितलं.

"रविवार, अठरा. दुपारी चार वाजता आईला कपाटाचं दार लागलं. डावीकडे, कानाच्या वर. जखम नव्हती. तिनं तुला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. सोमवारी आठवलं होतं. एकदा आठवलं होतं, सकाळी. वाटलं, आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं म्हणशील. म्हणून फोन केला नाही."

हे शेवटचं मी या डायरीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

त्यानं अठराच्या रकान्यात लिहिलं. लिहून होईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाला, "कळलं."

मी खाली बघत होते. त्यानं पॅड माझ्या हातात दिलं.

"आता माझं घे. सोमवार, एकोणीस. दुपारपासून ती सारखी झोपत होती. जेवायला उठवलं तर दोन घास खाऊन पुन्हा झोपली. मला वाटलं थकली आहे. दुकानात नव्या फ्रेम आल्या होत्या, त्या लावायला गेलो. डॉक्टरांना फोन केला नाही." "रविवारचं माहीत असतं तर केला असता. पण नसतं तरी करायला हवा होता. ते माझं आहे, तुझं नाही."

जाऊ दे रे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"कळलं," म्हटलं.

वेळेवर कळलं असतं तर ती वाचली असती का, हे आम्ही डॉक्टरांना विचारलं नाही. विचारणारही नाही. कोणतंही उत्तर आलं तरी आमच्यातला एक जण त्याच्याआड जाऊन लपेल. बहुतेक मी.

मग त्यानं चहा टाकला. साखर विसरला. दोघांनी तसाच प्यायला. कप धुताना म्हणाला, "एवढं कमी बोलताना मी तुला पहिल्यांदाच बघितलं."

"सवय नाही. घसा दुखला."

तो हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

शनिवार, २३ मार्च

सभा बाराला होती. कारभारी पहिल्या रांगेत होते. त्यांच्यामागे नर्सची पोरंबाळं, जुन्या सिस्टर, मग ड्यूटीवरच्या आणि शिकाऊ मुली, शेवटी भिंतीला टेकून धाकटा.

अकरा पानं घरीच ठेवली होती. रिकाम्या खुर्चीचं वाक्य मात्र म्हटलं, कारण ते खरं आहे आणि ती तक्रार आमची राहणारच. ड्रेसिंगच्या खोलीचंही बोलले. कारभाऱ्यांनी घड्याळात पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

मेट्रननं जुनं रजिस्टर टेबलावर आणून ठेवलं होतं. मी त्याचं पहिलं कोरं पान उघडलं, 'माझी चूक' लिहून खाली चार ओळी लिहिल्या आणि वाचल्या. थांबले नाही. पाच सेकंद तर नाहीच.

टाळ्या पडल्या नाहीत. मागून, भिंतीकडून, धाकट्याचा आवाज आला, "कळलं." मग घड्याळबाईंचा. मग एकेक करत जुन्या सिस्टरांचा. तरुण मुली एकमेकींकडे बघत होत्या. त्यांना काय म्हणायचं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. मेट्रन उठली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि उभ्यानेच लिहायला लागली. काय लिहिलं ते इथं लिहिणार नाही. तिची आहे ती.

शेवटी मी जे बोलले ते आठवतंय तसं उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मी त्यात भर घालणार नाही:

"सिस्टरांनो, माझ्या आईचं नाव कोणत्याही वॉर्डाला देऊ नका. तिचा फोटो भिंतीवर लावू नका. तिचं कौतुक आज पुरे झालं. आता एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत. दोन वाजता तुमचा ओव्हर आहे. ही वही मी आत्ता वॉर्डातल्या टेबलावर नेऊन ठेवते, पेन दोरीनं बांधून. दोन वाजायच्या आत तुमच्यापैकी एकीनं तिथं या, आणि आजची तुमची एक चूक तिच्यात लिहा."